उन्हाळ्यात मागणं बंद

माझी लेक तिच्या मुलीला शाळेत पाठवत नव्हती. घरीच शिकवायची. गावाकडच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा पाळकांच्या बायकोने माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "पोरीला काही आजार आहे का?"

मी म्हटलं, "पोरीला नाही."

आम्ही निपाणीकडचे. लेक लग्न होऊन बंगळूरला आली आणि माझे यजमान वारल्यावर मीही तिच्याकडे आले. के. आर. पुरमच्या पुढे एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर आहे. वर गच्ची. खाली घरमालकीण राहते, तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. जावई पुण्याचे. कॉम्प्युटरवर काम करतात. आठवड्यातले तीन दिवस घरातच दार लावून कुणाशी तरी हिंदीत बोलत असतात आणि चहाच्या वासावर बाहेर येतात. माणूस चांगला आहे. कुठलाही प्रश्न विचारला तरी म्हणतात, "तिला विचारून सांगतो."

लेक पूर्वी एका शाळेत गणित शिकवायची. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, तिने नोकरी सोडली, आणि शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा पोरीला पाठवलंच नाही. "आई, मी शाळा आतून बघितलीय," म्हणाली. हॉटेलातला आचारी घरून डबा आणतो, तसं ते. मला पटलं. मलाही शाळेचं फार कौतुक नाही. मला चौथीनंतर काढलं तेव्हा मी रडले नव्हते. मास्तर पट्टीने पेरांवर मारायचे. घरी शेळ्या होत्या, त्या मारत नव्हत्या.

तर आमच्या पुढच्या खोलीतच शाळा भरायची. भिंतीवर रंगीत वेळापत्रक. सकाळी बायबलचा शास्त्रपाठ, मग गणित, इंग्रजी, विज्ञान, आणि चार ते पाच 'जीवनकौशल्य' असं लिहून पुढे 'आजी'. चौथी पास बाईला एम. एस्सी. बाईने मास्तरीण नेमलं. मी विचारलं, "म्हणजे काय शिकवायचं?"

"तुला जे येतं ते."

पहिल्या दिवशी मी तांदूळ निवडायला शिकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच शिकवलं, कारण पहिल्या दिवशी खडे राहिले होते. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "आई, थोडी व्हरायटी आण."

चौथ्या दिवशी मी डाळ निवडायला दिली.

लेकीच्या मोबाईलवर अशाच बायांचा एक ग्रुप आहे. सगळ्या ख्रिस्ती, सगळ्या मुलांना घरी शिकवणाऱ्या. कुणी होसकोट्याची, कुणी थेट अमेरिकेची. तिथे सकाळी वचन येतं, दुपारी मुलाने केलेल्या कागदी जहाजाचा फोटो येतो आणि संध्याकाळी कुणीतरी दमलेली आई प्रार्थना मागते. मला त्या बायांचं वाईट वाटायचं. सकाळी आठला पोरं घराबाहेर काढण्यासाठीच शाळा काढली असावी, अशी माझी समजूत होती. पण विचारल्याशिवाय मी मत देत नाही, आणि त्या घरात मला कुणी विचारत नव्हतं.

एप्रिल आला आणि अडचण उभी राहिली. गल्लीतल्या पोरांना सुट्टी लागली. आमच्या पोरीला सुट्टी कशी द्यायची? शाळा आहे तिथेच, मास्तरीण आहे तिथेच. लेकीने दोन दिवस विचार केला आणि एक जाड वही आणली. वरती सूर्यफूल. उन्हाळाभर पुस्तकं बंद आणि ही वही चालू. रोजच्या सांजप्रार्थनेत प्रत्येकाने दिवसातला एक साधा आनंद सांगायचा, देवाचे आभार मानायचे, आणि ती तो वहीत लिहून ठेवणार.

"आणि उन्हाळाभर मागणं बंद," ती म्हणाली. "आपण देवासमोर सारखे मागायलाच उभे असतो. हे दे, ते दे. दोन महिने फक्त आभार."

जावई म्हणाले, "छान."

मी म्हटलं, "माझ्या गुडघ्याचं काय?"

"गुडघ्याबद्दलही आभार मान, आई."

आमच्या लोकांत सांजप्रार्थना म्हणजे काय, ते सांगायला हवं. एक गीत म्हणायचं, एक भाग वाचायचा, मग डोळे मिटायचे आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. एकाची प्रार्थना चालू असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. तो 'आमेन' म्हणाला की बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं, मग पुढचा. नियम चांगला आहे. फक्त त्याचा उपयोग माणसं काय करतील ते सांगता येत नाही.

माझ्या सासूबाई मला तोंडावर कधी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी डोळे मिटून म्हणायच्या, "हे बापा, या घरात मीठ जास्त पडतं, त्या हाताला तू शहाणपण दे." मी काय बोलणार? देवाशी बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली की मी म्हणायचे, "हे बापा, म्हाताऱ्या माणसांच्या जिभेची चव जाते, त्यांना तू धीर दे." अशी आम्ही अकरा वर्षं काढली. गावात आमची ख्याती होती, या सासूसुनांचं एकदाही भांडण झालं नाही. एक मात्र होतं. मी आमेन म्हटलं की सासूबाई गप्प राहायच्या. दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणणं म्हणजे तिच्याखाली आपला अंगठा उठवणं. त्यांनी माझ्या एकाही मिठाच्या प्रार्थनेवर अंगठा उठवला नाही. मीही त्यांच्या नाही.

लेक हे सगळं बघत वाढली. म्हणून तिने आपल्या घरात हा आभाराचा कायदा आणला असावा. आभारात टोमणा बसत नाही, असं तिला वाटलं.

वही सुरू झाली. लेकीचे आनंद सुरेख असत. पहाटे कोकिळा ऐकली. तोतापुरी कैरीची फोड, वर तिखटमीठ. कपडे वाळत घालताना पायांखाली ऊन. जावई दमून आलेले असत. बहुतेक वेळा ते "आजचं जेवण" असं म्हणत, आणि प्रार्थना जेवणाआधी असल्यामुळे ते अंदाजाने म्हणत. माझी पाळी आली की मी खरं ते सांगे.

"आज लाईट गेली नाही."

लेक वही धरून बसे. "आई, आनंद सांग."

"हाच."

दुसऱ्या दिवशी, "आज टँकर आला." तिसऱ्या दिवशी, "शेजारच्या बाईने फोनवरचं बोलणं आत जाऊन केलं." लेकीने ते लिहिलं, पण ग्रुपवर पाठवलं नाही.

टँकरचं एक सांगते, कारण पुढे ते कामाला आलं. मेच्या सुरुवातीला बोअर आटली. दोन दिवस टँकर नाही. बादल्या रिकाम्या. लेकीने पोरीला जवळ बसवलं आणि म्हणाली, "मागायचं नाही ना आपण? मग आपण टँकर आला असं समजून आधीच आभार मानू. विश्वास म्हणजे तेच. मिळायच्या आधी आभार." पोरीने डोळे मिटून टँकरबद्दल आभार मानले. तासाभरात टँकर गल्लीत शिरला. पोर तोंड उघडं टाकून बघत राहिली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आदल्या रात्रीच अक्काकडून टँकरवाल्याचा नंबर घेऊन त्याला कन्नडमध्ये चार शब्द ऐकवले होते. ते मी वहीत लिहायला सांगितलं नाही.

आता पोरीचे आनंद. ती दहा वर्षांची. रोज पहिली पाळी मागायची आणि भरभर बोलायची. आज अक्काच्या नातीबरोबर जिन्यात बिया खेळलो. आज आम्ही सहा जण लपाछपी. आज अक्काच्या नातीने मला तिच्या शाळेतलं बाईंचं ओरडणं करून दाखवलं, आम्ही इतके हसलो. लेक मान डोलवत लिहून घ्यायची. 'बिया. लपाछपी. हसणं.' वर एक छोटं सूर्यफूल काढायची.

आणि एप्रिलात कुरडया झाल्या. जीवनकौशल्यात मला अखेर व्हरायटी सापडली. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, शिजवला, आणि गच्चीवर जुन्या साडीवर सोऱ्याने कुरडया घातल्या. गच्चीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात अक्काचे तांदळाचे संडिगे, म्हणजे त्यांच्याकडच्या कुरडयाच. मधे एक दोरी, दोन राज्यांची हद्द. राखणीला पोरीला काठी देऊन बसवलं. कबुतर एकही आलं नाही. गल्लीतली सहा पोरं आली. दुपारपर्यंत ओल्या कुरडया अर्ध्या झाल्या आणि संडिगेही. अक्का वर आली, बघितलं, माझ्याकडे बघून म्हणाली, "काठी कोणासाठी होती?"

मी म्हटलं, "कबुतरांसाठी. कबुतरं प्रामाणिक निघाली."

लेकीने ओठांना चीक लागलेल्या सहा तोंडांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. साधे आनंद. अमेरिकेतल्या बाईने हृदय पाठवलं.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी दुपारी गच्चीवर मी आणि नात दोघीच होतो. उरलेल्या कुरडया उलटवत होतो. ती मधेच म्हणाली, "आजी, अजून एकोणचाळीस दिवस."

"कशाला?"

"शाळा उघडायला."

"तुला काय त्याचं? तुझी शाळा कधी बंद असते?"

"तेच ना. त्यांची उघडली की माझी सुट्टी संपते."

मी कुरडई हातात धरून तिच्याकडे बघितलं. ती कठड्यावरून खाली बोट दाखवत होती. "तिथे सात चाळीसला व्हॅन येते. सगळे जातात. साडेतीनला येतात, मग ट्यूशन. मग होमवर्क. मग एकदम रविवारी, आणि रविवारी आपण चर्चला. मी मोजलंय आजी. उन्हाळा सोडला तर मला खेळायला कुणी नसतं. मलाही जायचंय शाळेत."

"मग मम्मीला सांग."

"मम्मी रडेल."

ते खरं होतं. माझी लेक टँकरलाही रडते.

"पप्पांना सांग."

"पप्पा म्हणतील, तिला विचारून सांगतो." आवाज अगदी जावयांचा काढला. "आजी, तू सांग ना. प्लीज."

"मी? माझा विषय जीवनकौशल्य. शाळेचं मला विचारू नको." तेवढ्यात अक्काच्या संडिग्यावर खरोखरच एक कबुतर बसलं. मी काठी शोधत उठले आणि विषय संपवायला म्हणून बोलून गेले, "देवाला सांग."

"पण उन्हाळ्यात मागायचं नाहीये."

"ते तू आणि देव बघून घ्या."

आमच्यात हे वाक्य लोक नको असलेल्या माणसाला वाटेला लावण्यासाठी वापरतात. कर्ज मागणाऱ्याला, जागा मागणाऱ्या भाच्याला. कुणी ते शब्दशः घेत नाही. पण पोरगी घरी शिकलेली. तिला माहीत नव्हतं की मोठी माणसं असं नुसतं म्हणतात.

मे संपत आला. शाळा उघडायला आठच दिवस राहिले. त्या सकाळी लेकीने भिंतीवर जूनचं नवं वेळापत्रक लावलं. 'कोडिंग' आलं, पुढे 'पप्पा'. माझा तास आठवड्यातून दोनदा केला होता. ही बढती की शिक्षा ते मी विचारलं नाही. पोर वेळापत्रकासमोर बराच वेळ उभी होती. लेक म्हणाली, "आवडलं?" पोर म्हणाली, "रंग छान आहेत."

संध्याकाळी साडेसातला बसलो. भात झाला होता, बांगड्याचं कालवण झाकून ठेवलं होतं. गीत झालं, वाचन झालं. पोर म्हणाली, "मी पहिली." डोळे मिटले. मी माझा एक डोळा उघडा ठेवते, ती सासूबाईंच्या काळातली सवय आहे.

"हे देवा, आजच्या दिवसाबद्दल आभार. बियांबद्दल आभार. कुरडयांबद्दल आभार." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "आणि तू मला जूनमध्ये अक्काच्या नातीच्या शाळेत पाठवणार आहेस म्हणून मी आत्ताच तुझे खूप खूप आभार मानते."

आणि गप्प.

आमेन नाही.

पेन थांबलं. लेकीने डोळे उघडले. पोरीचे घट्ट मिटलेले, हात जोडलेले, ओठ आत ओढून घेतलेले. तिला नियम ठाऊक होता. आमेन म्हटलं की मम्मी बोलणार. आमेन होईपर्यंत कुणालाच बोलता येत नाही.

आम्ही वाट बघितली. पंखा फिरत होता. जावयांनी एक डोळा उघडला, माझा उघडा दिसला, आणि पुन्हा मिटून घेतला.

शेवटी लेक हळूच म्हणाली, "आमेन म्हण."

"मम्मी, प्रार्थना चालू आहे."

"तू काही बोलत नाहीयेस."

"मनात चालू आहे."

लेकीने श्वास घेतला, डोळे मिटले आणि स्वतः सुरू केलं. "हे प्रभू, तू आम्हाला हे घर दिलंस, एकत्र शिकण्याची ही संधी..."

"हे देवा," पोर मोठ्याने म्हणाली, "माझं अजून संपलं नाहीये."

माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी पोरीला पदरात घेतलं असतं. लेकीचा चेहरा लाल झाला. "हे असलं आभार मानणं नसतं. हे मागणं आहे."

"टँकरला आपण असंच केलं होतं."

माझ्या एम. एस्सी. लेकीने पेनाला टोपण लावलं. मग तिचं लक्ष माझ्याकडे वळलं. "आई, तू शिकवलंस हे हिला?"

मी डोळे मिटून घेतले. प्रार्थना चालू होती.

जावई म्हणाले, "मला वाटतं आपण शांतपणे..."

"तुम्ही थांबा."

"बरं."

कालवणावर आता साय धरत असणार, हे मला दिसत होतं. बांगडा एकदा थंड झाला की वास मारतो. मला भूक लागली होती, हे कबूल करते. पण नुसत्या भुकेपोटी मी असल्या ठिकाणी अंगठा उठवत नाही. पोरीचे जोडलेले हात खाली घसरत होते, ती ते पुन्हा वर घेत होती. जोडून धरायला दहा मिनिटं फार असतात. माझी सगळी हयात गेली आडून बोलण्यात, मीठ आणि जीभ करण्यात. या पोरीने काय हवं ते सरळ सांगितलं होतं, शाळेचं नाव घेऊन, महिना सांगून. एवढं सरळ मी देवाशीही कधी बोलले नाही.

मी म्हटलं, "आमेन."

चांगलं मोठ्याने म्हटलं. पोरीने डोळे उघडले. लेकीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भर मंडळीत उठून नाचले.

"वाढा आता," मी म्हटलं.

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे समोरासमोर नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिचा आनंद असा होता, "हे प्रभू, माझी आई कुणाच्याही संसारात इतक्या मोकळेपणाने मत देते, त्याबद्दल मी आभारी आहे." मला बरं वाटलं. रक्त शेवटी रक्त. मी म्हटलं, "हे बापा, माझी लेक माझ्यावर गेलीय, त्याबद्दल तिला क्षमा कर." जावई खोकले.

तिसऱ्या दुपारी ती सूर्यफुलाची वही घेऊन माझ्यासमोर बसली. "हे बघ," म्हणाली, "मी दाखवते तुला. पोर या घरात किती सुखी आहे ते हिच्यात लिहिलंय, तिच्याच तोंडचं." आणि वाचायला लागली. एप्रिलपासून. बिया, अक्काची नात. लपाछपी, सहा जण. कैरी, अक्काच्या नातीने तोडली. जिना, ते सगळे. पावभाजी, त्यांच्या घरी. वाचता वाचता तिचा आवाज हळू होत गेला. सात आठवडे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि एकदाही मागची पानं उलटली नव्हती. एका ठिकाणी 'मम्मी' होतं. 'मम्मीने आज लवकर खाली जाऊ दिलं.'

वही मिटली. मी शेंगा सोलत होते.

"मी वाईट शिकवते का ग, आई?"

"नाही. चांगलं शिकवतेस. तिला अकराचा पाढा उलटा येतो, मला सुलटा येत नाही."

"मग?"

"गर्दी कमी पडते."

ती रडली. मी रडू दिलं. आमच्याकडे पाठीवरून हात फिरवायची पद्धत आहे, पण माझ्या हाताला शेंगांची माती होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती शाळेत गेली तर मी काय करू दिवसभर?"

"आत्ता भाजी आण. बाकीचं उद्या बघू."

अक्काच्या नातीच्याच शाळेत घालायचं ठरलं, आणि तिथे अक्काची ओळख निघाली. बंगळुरात ओळख असली तरी प्रवेश मिळतोच असं नाही, पण अक्का स्वतः लुगडं नेसून बरोबर गेली. तिथल्या बाईंनी पोरीची परीक्षा घेतली. गणितात तिने बाईंचीच चूक काढली. कन्नड मात्र स्वल्प कच्चं निघालं. पोरीने गल्लीतून शिकलेलं सगळं कन्नड बोलून दाखवलं, त्यात दोन शब्द असे होते की अक्का खिडकीबाहेर बघायला लागली. "सरी, सरी," म्हणजे ठीक आहे, असं बाई घाईने म्हणाल्या. घेतलं.

पहिल्या दिवशी सात चाळीसला व्हॅन आली. पोर नव्या गणवेशात, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. तिने मागे वळून बघितलं नाही. लेक बाल्कनीत उभी राहिली, जिथून इतकी वर्षं पोर ती व्हॅन जाताना बघायची. मी तिला चहा नेऊन दिला. तिने ग्रुपवर काय लिहिलं ते मला माहीत नाही. बराच वेळ लिहीत होती आणि पुसत होती.

भिंतीवरचं वेळापत्रक तिने काढलं नाही. दहा वाजता येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, तुला इंग्रजी शिकायचंय?"

"नाही."

"थोडंसं?"

तेव्हापासून रोज दहा ते अकरा मी बसते. शाळा बंद पडू नये एवढ्यासाठी. गृहपाठ करत नाही.

पोर पहिल्या तीन संध्याकाळी शाळेबद्दल आभार मानून मानून थकली. बेंच, डबा, मैदान, बावीस मुली. चौथ्या दिवशी व्हॅनमधून उतरली ती पाय ओढत. बाई ओरडतात, खरंच तशाच ओरडतात. शू लागली तरी बेल होईपर्यंत सोडत नाहीत. अक्काची नात दुसऱ्या तुकडीत आहे आणि मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणी वेगळ्या आहेत. आणि होमवर्क. इतका होमवर्क.

जून लागला होता, मागणं पुन्हा चालू झालं होतं. पण पोरीला आता सवय लागली होती. डोळे मिटून म्हणाली, "हे देवा, तू दसऱ्याची सुट्टी लवकर पाठवणार आहेस, त्याबद्दल मी आत्ताच आभार मानते. येशूच्या नावाने, आमेन."

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "आमेन."

इतक्या मोठ्याने की खालून अक्काने हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून.